व्हायवॅक्सचे चौदा दिवस

जुलैत व्हायवॅक्स मलेरिया झाला, गोळ्या घेतल्या, ताप उतरला आणि सप्टेंबरात पुन्हा हुडहुडी भरली, की सोसायटीतल्या डासांना शिव्या घालून लोक मोकळे होतात. डास असतीलही, मुंबईत तर गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत ते मजेत वाढतात. पण बरेचदा हा जुलैचाच परजीवी असतो. तो यकृतात बसून राहिलेला असतो.

ॲनोफिलिस डासाची मादी चावताना स्पोरोझॉइट, म्हणजे परजीवीची डासातून येणारी पिल्लावळ, आत सोडते. ते तासाभरात यकृतात पोचतात, तिथल्या एकेका पेशीत एकाचे हजारो होतात आणि साधारण आठवड्याने रक्तात उतरतात. तोवर ताप नाही आणि रक्ततपासणीतही काही सापडत नाही. व्हायवॅक्सची खोड अशी, की त्यातले काही स्पोरोझॉइट वाढायचंच थांबतात आणि निपचित पडून राहतात. हे हिप्नोझॉइट. ते काही आठवड्यांनी जागे होतात, कधी आठ-दहा महिन्यांनीही. मलेरियाचा दुसरा परजीवी फाल्सिपॅरम, जो गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात जास्त दिसतो, त्याच्यात ही भानगड नाही. तो वेगळ्या कारणाने घातक: त्याने धरलेल्या तांबड्या पेशी मेंदूच्या, मूत्रपिंडाच्या केशवाहिन्यांना चिकटून बसतात. म्हणून काचपट्टीवर परजीवी कमी दिसले तरी रोगी गंभीर असू शकतो. गुंगी, झटके, धाप यांपैकी काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल.

रक्तातलं चक्र दोघांचंही साधारण ४८ तासांचं. पेशी फुटतात तेव्हा थंडी वाजते. मात्र सुरुवातीला सगळे परजीवी एकाच वेळी फुटत नाहीत, त्यामुळे ताप रोजही येतो. 'दिवसाआड येत नाही, म्हणजे मलेरिया नाही' हा हिशोब सोडून द्या.

तपासणीत घोळ होतो तो जाड थेंबाचा. एकाच काचपट्टीवर रक्ताचा जाड थेंब आणि पातळ फिल्म दोन्ही घेतात, यालाच स्मिअर म्हणतात. जाड थेंब एवढाच जाड हवा, की त्यातून वर्तमानपत्राची अक्षरं जेमतेम वाचता यावीत. पातळ फिल्म मिथेनॉलने स्थिर करायची, जाड थेंबाला मात्र मिथेनॉल लागू द्यायचं नाही. ते ओघळून लागलं किंवा पट्टी कडक उन्हात वाळवली, की तांबड्या पेशी फुटत नाहीत, हिमोग्लोबिन तिथेच राहतं आणि मागचं काही दिसत नाही. निगेटिव्ह म्हणण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली किमान शंभर क्षेत्रं पाहायला हवीत. घाईच्या लॅबमध्ये ती पाहिली जातात का, ही शंका मला आहेच. झटपट किटचं वेगळं दुखणं: फाल्सिपॅरमचं एचआरपी-२ प्रथिन परजीवी मेल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं. म्हणून बरं झालो का हे त्या किटवर पाहू नका.

आता औषध. व्हायवॅक्सला प्रौढाला क्लोरोक्विन ४, ४, २ अशा गोळ्या तीन दिवस, प्रत्येकीत १५० मिलिग्रॅम बेस. ते फक्त रक्तातले परजीवी मारतं. हिप्नोझॉइटसाठी प्रायमाक्विन: वजनाच्या किलोमागे रोज ०.२५ मिलिग्रॅम, म्हणजे प्रौढाला साधारण १५, चौदा दिवस. ताप तिसऱ्या दिवशी गेलेला असतो, म्हणून पाचव्या दिवशी पाकीट कपाटात जातं. वर क्लोरोक्विन रक्तात काही आठवडे रेंगाळतं आणि लवकर जागे झालेले परजीवी परस्पर मारतं. त्यामुळे उलटलेला ताप महिना-दोन महिन्यांनी येतो आणि त्याचा अर्धवट सोडलेल्या पाकिटाशी संबंध कुणी जोडत नाही.

पण प्रायमाक्विन मनाने घ्यायची गोळी नव्हे. गरोदरपणात आणि तान्ह्या बाळांना ती देत नाहीत. जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी तिने फुटतात. ती तपासणी आधी करून घेतलेली बरी. लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे पडले किंवा एकदम थकवा आला, तर गोळी तिथेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. पोटात कळ येऊ नये म्हणून जेवणानंतर घ्यायची.

यकृतात हिप्नोझॉइट उरलेत का, हे सांगणारी तपासणी दवाखान्यात मिळत नाही. स्मिअर निगेटिव्ह याचा अर्थ फक्त रक्त साफ, एवढाच. म्हणून वर्षभरात पुन्हा ताप आला तर लगेच स्मिअर करा आणि डॉक्टरांना दोन गोष्टी सांगा: आधी व्हायवॅक्स होऊन गेलाय, आणि प्रायमाक्विन नेमकं किती दिवस घेतलं.