खटला मागे घेतला जाणे नेहमीच हिताचे नसते

अमेरिकेच्या इमिग्रेशन न्यायालयात हद्दपारीचा खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलाला तो खटला न चालवण्याचाही अधिकार असतो. हा विवेकाधिकार अशिलाच्या बाजूने वापरावा, अशी विनंती करणे हा माझ्या वकिलीतला बरीच वर्षे मोठा भाग होता. ही विनंती न्यायाधीशाला नव्हे, प्रतिपक्षालाच करायची असते आणि ती फेटाळली गेली तर न्यायालये सहसा त्यात हात घालत नाहीत. त्यामुळे सारी भिस्त कागदपत्रांवर असते.

‘हा सज्जन आहे’ अशी दहा शिफारसपत्रे जोडण्यापेक्षा, दुकान रोज पहाटे कोण उघडतो हे सांगणारे मालकाचे एक पत्र माझ्या मते अधिक उपयोगी पडते. आयआरएस या अमेरिकी करखात्याकडील करभरणीची नोंद, मुलांचे जन्मदाखले आणि आजारपणाचे कागद जोडावेतच. पण जुना फौजदारी गुन्हा असल्यास निकालाची प्रमाणित प्रत सर्वांत वर ठेवावी, कारण बोटांच्या ठशांवरून ती माहिती सरकारकडे आधीच पोहोचलेली असते.

सत्तरच्या दशकात गायक जॉन लेननचे हद्दपारीच्या खटल्यातले वकील लिऑन वाइल्ड्स यांनी माहितीच्या कायद्याचा आधार घेऊन, काही प्रकरणे सरकार गुपचूप बाजूला ठेवते हे उजेडात आणले. पुढे 2000, 2011 आणि 2022 मध्ये या अधिकाराविषयी लेखी परिपत्रके निघाली, तर 2017 आणि 2025 मध्ये नव्या सरकारांनी आधीचे धोरण गुंडाळले. अशिलाला हे आधीच सांगितलेले बरे, कारण मिळालेली सवलत म्हणजे कायमचा दर्जा नव्हे.

खरी गुंतागुंत काय मागायचे यात आहे. रीतसर व्हिसावर आलेल्या, पुढे मुदत संपूनही राहिलेल्या आणि अमेरिकन नागरिकाशी विवाह केलेल्या व्यक्तीला (आपल्या मराठी मंडळींतही अशी उदाहरणे असतात) खटला मागे घेतला जाणे बहुधा सोयीचे ठरते, कारण तिला ग्रीन कार्डाचा अर्ज यूएससीआयएस या नागरिकत्व व इमिग्रेशन सेवा खात्याकडे चालवता येतो. याउलट ज्याचा आश्रयाचा अर्ज न्यायालयात प्रलंबित आहे, त्याचा वर्क परमिट त्याच अर्जावर उभा असतो. खटला संपला की तो अर्जही संपतो आणि ज्या परमिटवर घर चालते त्याचा आधार जातो. अशा वेळी खटला केवळ कामकाजाच्या यादीतून बाजूला ठेवण्याची मागणी पुष्कळदा अधिक हिताची असते. हा फरक अशिलाला त्याच्या भाषेत समजावून त्याची लेखी संमती घेतल्याशिवाय अर्ज पाठवू नये, याबाबत मी हट्टी आहे.

2025 च्या मे महिन्यापासून तर चित्रच उलटले. सरकारी वकील स्वतःहून, तेही तोंडी, खटला मागे घेण्याची परवानगी मागू लागले आणि न्यायाधीशांनी ती देताच बाहेरच्या मार्गिकेत थांबलेले आयसीई या इमिग्रेशन अंमलबजावणी खात्याचे अधिकारी त्या माणसाला अटक करू लागले. पूर्ण सुनावणीशिवाय होणाऱ्या जलद हद्दपारीचा मार्ग त्यातून मोकळा होत होता. जी गोष्ट आम्ही विनवण्या करून मागत होतो, तिलाच आता विरोध करावा लागतो.

म्हणून सुनावणीला जाताना अशिलाशी तीन गोष्टी आधीच पक्क्या करतो: सरकारचा अर्ज लेखी मागायचा, उत्तरासाठी मुदत मागायची आणि तरीही आदेश झालाच, तर अपिलाचा हक्क राखून ठेवल्याची नोंद तिथल्या तिथे करून घ्यायची.