फायबरचे खोड, चौदा इंची

माझ्या लाकडी स्नेअर ड्रमचे (खालच्या पानावर तारा लावलेल्या लहान ड्रमचे) शेल, म्हणजे गोल खोड, तिसऱ्या पावसाळ्यात वाकडे झाले. नजरेला दिसेल इतके ते वाकडे नव्हते. पण हेड, म्हणजे वाजवायचे ताणलेले पान, काढून व्यास मोजला तेव्हा एका दिशेने आलेला आकडा काटकोनातल्या दिशेपेक्षा तीन मिलिमीटरने जास्त भरला आणि जेथे प्लायचा, म्हणजे लाकडाच्या पातळ पदरांचा, सांधा होता तेथला आतला पदर नखाने उचलता येईल इतका सुटलेला आढळला. वाद्य स्वस्तातले होते आणि तळमजल्यावरच्या, भिंतींना ओल धरणाऱ्या खोलीत ते ठेवण्याचा शहाणपणा माझाच होता, त्यामुळे तक्रार करायला कोणी उरले नव्हते. मात्र त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात बसली: हेड कितीही चांगले घेतले आणि चावी कितीही फिरवली, तरी खालचे शेल गोल नसेल तर सूर एका बाजूला लागतो आणि दुसऱ्या बाजूला निसटतो.

माझ्या मामांचा भोसरीला फायबरचा छोटा कारखाना आहे. यंत्रांची झाकणे, कुंड्या, गाड्यांचे किरकोळ भाग असे काम तेथे चालते. आपल्याकडे ज्याला सरसकट ‘फायबर’ म्हणतात ते प्रत्यक्षात दोन वस्तूंचे मिश्रण असते: काचेचे बारीक तंतू आणि त्यांना धरून ठेवणारे पॉलिएस्टर रेझिन. तंतू ताण सोसतात, रेझिन त्यांना जागचे हलू देत नाही. सुटे असताना दोन्ही निरुपयोगी, एकत्र आले की त्यांतून नावेचा तळही बनतो. ड्रमचे शेल यातून बनवावे हा विचार मला सुचला तेव्हा आपण काही नवे करीत आहोत असा समज झाला होता. तो फार टिकला नाही.

न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बॉब ग्रॉसो आणि जॉन मोरेना यांनी १९६०च्या दशकाच्या मध्यातच ‘फाइब्ज’ या नावाने काचतंतूंचे ड्रम बनवायला सुरुवात केली होती. बडी रिचसारख्या वादकाने त्यांचा स्नेअर वाजवला आणि पुढे गिटारसाठी प्रसिद्ध असलेल्या मार्टिन कंपनीने तो व्यवसाय विकत घेतला. कोंगा या उंच, हाताने वाजवायच्या क्यूबन ढोलाच्या बाबतीत कारण वेगळे होते. क्यूबावरच्या अमेरिकी निर्बंधांमुळे तेथली वाद्ये मिळेनाशी झाली, तेव्हा मार्टिन कोहेन यांनी ती अमेरिकेतच बनवायला घेतली. त्यांच्या ‘लॅटिन पर्कशन’ कंपनीने पुढे फायबरचे कोंगा बाजारात आणले आणि ते जगभर रुळले. इस्कॉनच्या कीर्तनात दिसणारा ‘बलराम मृदंग’ हाही फायबरच्याच खोडाचा असतो, कारण ‘खोल’ म्हणतात तो मातीचा मृदंग प्रवासात फुटतो. म्हणजे लाकूड किंवा माती सोडून या पदार्थाकडे वळणाऱ्यांना नव्या आवाजाचे आकर्षण असेलही. पण टिकाऊपणाची, पुरवठ्याची किंवा हवामानाची अडचण बहुतेकांच्या मागे लागलेली होती. माझ्यामागे तर तेवढीच होती.

पहिला प्रयत्न पत्र्याच्या नळकांड्यावर केला. हिशेब सोपा वाटला होता: बाहेरून १४ इंचांपेक्षा किंचित कमी व्यास हवा, म्हणून त्या मापाच्या आतले नळकांडे वळवून घ्यायचे, त्यावर मेण लावायचे, रेझिनमध्ये भिजवलेली मॅट (काचतंतूंची चटईसारखी पट्टी) गुंडाळायची आणि घट्ट झाले की शेल वर ओढून काढायचे. दुसऱ्या दिवशी ते शेल निघेना. लाकडी ठोकळा लावून हातोडी मारली, गरम पाणी ओतले, दोघांनी दोन्हीकडून ओढून पाहिले. शेवटी करवतीने उभे चिरावे लागले. मामा तोवर बाजूला उभे राहून पाहत होते, चिरून झाल्यावर म्हणाले, “रेझिन आटतं रे. साच्याच्या आत लावलंस तर आटून सुटतं, बाहेरून लावलंस तर आटून आवळतं.” हे आदल्या दिवशी का सांगितले नाही, असे मी विचारले. “सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

मग साचा बनवला, तो दोन अर्ध्या भागांचा. दोन्ही भागांना बाहेरून पट्टीसारखी कड काढून त्यात बोल्ट घातले की आत पूर्ण वर्तुळ तयार होते. काम झाल्यावर बोल्ट काढले की साचा शिंपल्यासारखा उघडतो. शेलची बाहेरची बाजू साच्याला टेकलेली असल्याने गुळगुळीत येते आणि आतली खडबडीत राहते. साचा बनवण्यात सहा आठवडे गेले आणि शेल घालण्यात एक संध्याकाळ, हे प्रमाण या कामात नेहमीचेच आहे असे मामा सांगतात.

त्या संध्याकाळविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे. साच्यावर मेणाचे थर देऊन, प्रत्येक थर कापडाने घासून चमकवला. त्यावर जेलकोटचा, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत थरासाठीच्या घट्टसर रेझिनचा, साधारण अर्ध्या मिलिमीटरचा हात दिला. त्यात रंग मुद्दाम घातला नाही. जेलकोट बोटाला चिकट लागतो पण बोटावर येत नाही, अशा अवस्थेला आला की मॅट लावायची वेळ झाली असे समजतात. चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या मॅटच्या आठ इंच रुंद पट्ट्या आधीच कापून ठेवल्या होत्या. अशा एका पदराने साधारण एक मिलिमीटर जाडी येते, म्हणून चार पदर. एका पदराची मॅट सुमारे शंभर ग्रॅम भरते आणि तिला दुपटीहून थोडे जास्त रेझिन लागते. रेझिन कमी पडले तर तंतू कोरडे राहून पांढरे दिसतात. जास्त झाले तर शेल जड आणि ठिसूळ होते. प्रत्येक पदराचा सांधा मागच्या पदराच्या सांध्यापासून पाव वर्तुळ पुढे सरकवला, नाहीतर सगळे सांधे एका जागी येऊन तेथे गाठ बसली असती आणि लाकडी शेलमधला दोष मीच हाताने पुन्हा घडवला असता.

ब्रशने रेझिन ठोकून बसवायचे असते, रंगासारखे ओढायचे नसते. ओढले की मॅटचे तंतू ब्रशबरोबर निघून येतात. त्यानंतर चकत्यांचा लोखंडी रोलर फिरवायचा. रोलरखाली मॅटमधली हवा कुरकुरते आणि बुडबुडे कडेकडे सरकत बाहेर पडतात. पांढरी मॅट भिजत जाते तशी ती नजरेदेखत पारदर्शक होत जाते, आणि मला या सगळ्या कामात सर्वांत जास्त आवडणारा क्षण हाच आहे. तो फार वेळ पुरत नाही, कारण रेझिन घट्ट करणारा हार्डनर घातल्यापासून घड्याळ सुरू झालेले असते आणि भांड्यातले उरलेले रेझिन एकाएकी दह्यासारखे विरजून तापू लागते. येथे एक गोष्ट नवख्यांनी पाठच करावी: कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारे द्रावण) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचे आणि हार्डनर कामाच्या वेळी नंतर घालायचे. वास, खाज आणि घासताना उडणारी काचेची धूळ यांचा काही काव्यमय विचार करता येत नाही; मास्क, हातमोजे आणि उघडी दारे लागतातच.

साचा उघडून शेल हातात आले तेव्हा ते अपेक्षेपेक्षा हलके होते. कडा कापून साडेसहा इंच खोलीचे केल्यावर वजन किलोभराच्या आसपास भरले. आतली बाजू हवेच्या संपर्कामुळे चिकट राहिली होती, कारण पॉलिएस्टर रेझिनचा उघडा पृष्ठभाग हवेत नीट वाळत नाही. ॲसिटोनने पुसून आणि घासून ती साफ केली. दोन बोटांवर तोलून टिचकी मारली तर स्वच्छ, थोडा काचेच्या भांड्यासारखा नाद आला आणि मी तो शेजारपाजारच्या सर्वांना ऐकवून आलो.

त्या टिचकीने माझी थोडी फसवणूक केली, हे पुढे कळले. शेलला हेड, ते दाबून धरणारी रिम आणि तिचे स्क्रू ज्यांत बसतात ते लग लागले की त्याचा स्वतःचा नाद बहुतांशी दबतो. आवाज करते ते ताणलेले पान; शेल त्याला गोल आणि सपाट धरून ठेवते आणि आतली हवा कोंडून ठेवते. म्हणून खरे काम धारेचे, म्हणजे पान जिच्यावर टेकते त्या कडेचे, असते. जाड काच टेबलावर ठेवून तिच्यावर पॉलिश पेपर चिकटवला, शेलच्या कडेवर पेन्सिलने सगळीकडे रेघा मारल्या आणि शेवटची रेघ पुसली जाईपर्यंत कड घासत राहिलो. त्यानंतर राउटर या कड कापायच्या यंत्राने ४५ अंशांचा उतार दिला. साधे बिट काचेपुढे पहिल्या अर्ध्या फेरीतच बोथट झाले, कार्बाइडचे आणावे लागले. खालच्या कडेला समोरासमोर दोन ठिकाणी, जेथून स्नेअरच्या तारांची पट्टी जाते, तेथे कानशीने अगदी उथळ खोलगट केले.

पहिल्यांदा वाजवले तेव्हा आवाज मोठा, उजळ आणि लाकडापेक्षा काहीसा कोरा वाटला. तेच हेड आणि त्याच तारा जुन्या लाकडी शेलवर लावून पाहिल्या, तेव्हा फरक जाणवला, पण वाकड्या शेलशी केलेली तुलना न्याय्य नव्हती. महिन्याभराने फायबरच्या शेलची वरची धार पेपरने थोडी गोलसर केली. आवाज लगेच मऊ झाला आणि हा बदल लाकडाऐवजी फायबर घेतल्याने झालेल्या बदलापेक्षा मोठा होता. तेव्हापासून शेलच्या पदार्थाविषयी जाहिरातींतून केले जाणारे दावे मी जरा दुरूनच वाचतो. कार्बन फायबरबाबतही माझे मत तेच आहे: काचेपेक्षा ते हलके आणि कितीतरी ताठ असते, दिसते देखणे, पण स्नेअरच्या एका किलोच्या शेलमध्ये वाचवलेल्या वजनासाठी तेवढे पैसे मोजावेत असे मला वाटत नाही. रस्त्यावर तासन्तास ढोल कमरेला बांधून चालणाऱ्याचा हिशेब कदाचित निराळा निघेल.

“हे हाताने बनवलेले कसे? हे तर प्लॅस्टिक,” असे बँडमधल्या एका मित्राने ऐकवले. ज्या पानावर तो रोज वाजवतो ते पान पॉलिएस्टरच्या फिल्मचे आहे. रेमो बेली यांनी अमेरिकेत १९५७मध्ये अशी पाने बनवण्याचा कारखाना काढला आणि कातड्याची पाने ड्रमसेटवरून पाहता पाहता गेली. पुण्याच्या पथकांतल्या ढोलांवरही आता कृत्रिम पान सर्रास दिसते, कारण भर पावसात कातडे सैल पडते. पान बदलले तेव्हा कोणी फारसे बोलले नाही, खोड बदलले की मात्र भुवया उंचावतात. माझ्या शेलमधला प्रत्येक पदर मी हाताने लावला आहे, आणि त्याचा पुरावा म्हणून माझ्या मनगटावर आठवडाभर पुरळ होते.

दोन पावसाळे त्याच ओल्या खोलीत काढल्यावर पुन्हा व्यास मोजला. चार दिशांच्या मापांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक आहे आणि तो पहिल्या दिवशीही तेवढाच होता. साच्याचे दोन भाग मी तितकेच बिनचूक जोडू शकलो होतो.

एक चूक तेवढी राहिली आहे. आठ लगांसाठी कागदाची पट्टी शेलभोवती गुंडाळून, तीनदा दुमडून मी आठ समान भाग पाडले. पण सातव्या जागेवर ड्रिल घसरले आणि भोक दोन मिलिमीटर बाजूला पडले. ते रेझिन आणि कापलेल्या तंतूंनी बुजवून शेजारी नवे पाडले. दर्शनी बाजूने ते लगाखाली झाकले जाते. पण रंग न घातल्यामुळे शेल मधासारखे अर्धपारदर्शक आहे, आणि हेड उतरवून ते खिडकीसमोर धरले की मॅटच्या विस्कटलेल्या तंतूंमध्ये, रोलरमधून सुटलेल्या दोन-चार बुडबुड्यांच्या शेजारी, तो बुजवलेला गोल ठिपका स्पष्ट दिसतो.