तुम्ही विचारलंत म्हणून: आधी सतार जुळवायला शिका

प्रश्न ठरलेला असतो. "या वयात, कुणाकडे न जाता, सतार कशी काय शिकलात?" लग्नाच्या पंगतीत कुणी विचारतं, बँकेत माझ्या काउंटरवर पासबुक पुढे सरकवताना कुणी विचारतं. त्यातल्या बऱ्याच जणांच्या मनातला खरा प्रश्न वेगळा असतो आणि तो ओठांवर येत नाही: मला जमेल का? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहून काढते.

जमेल. फक्त वाजवायची घाई करू नका. पहिले काही महिने सतार नुसती जुळवा.

हे ऐकलं की लोकांचा चेहरा उतरतो, पण माझं सगळं उत्तर एवढ्यातच आहे. क्लासला जाणाऱ्या मुलाच्या हातात गुरुजी जुळलेली सतार देतात. घरी एकट्यानं शिकणाऱ्याला ती कोण देणार? वरच्या 6-7 तारा, शिवाय पडद्यांखालून जाणाऱ्या, न छेडता वरच्या स्वरांनी आपोआप गुंजणाऱ्या तरफेच्या 11 ते 13. रात्री जुळवून ठेवली तरी सकाळी त्यातल्या काही सरकलेल्या असतातच. मग माणूस बेसूर वाद्यावर सरगम घोटत बसतो, कानाला ते खुपत राहतं, आणि दोष मात्र बोटांना देतो, वयाला देतो. हौसेनं घेतलेल्या कितीतरी सतारी अशाच खोळ चढवून कपाटावर गेल्या आहेत. ओळखीच्या घरांतल्या अशा काही मी खाली उतरवून जुळवून दिल्या. घरातलं माणूस तार छेडतं आणि म्हणतं, "ही आमचीच सतार?"

आणि जुळवणं मोठेपणी सुरू करणाऱ्याला लहान मुलापेक्षा लवकर साधतं, हे मी छातीठोकपणे सांगते. बोटं ताठ झालेली असतात, कान नाही. इंदूरच्या मराठी घरात चाळीस-पन्नास वर्षं काढलेल्या माणसाच्या कानांवरून काय काय गेलेलं असतं! भूपाळ्या, आरत्या, नाट्यपदं, आकाशवाणीवरच्या रात्रीच्या मैफली. ती सगळी शिकवणीच आहे, आपण तिची फी भरली नाही म्हणून ती मोजत नाही एवढंच.

माझ्या सासूबाई रामबागेत वाढल्या. गाणं कुणाकडे शिकल्या नाहीत, भजनी मंडळात टाळ धरला तेवढाच. एकदा मी यमन रागासाठी तरफा लावत होते. मोबाईलवरच्या ट्यूनरचा काटा बरोबर मध्यावर होता, आणि त्या पलीकडे मेथी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अगं, ती तार टोचतेय. जराशी उतरव." मी म्हटलं, "आई, गंधार आहे तो, काटा बरोबर दाखवतोय." "गंधार असो नाहीतर आणखी काही. टोचतोय."

मी खुंटी केसभर सैल केली आणि पुन्हा षड्ज छेडला. आत्तापर्यंत आवाज तारेतून येत होता, आता तो सगळ्या भोपळ्यातून आला.

त्यांचा कान बरोबर होता आणि काटाही आपल्या जागी बरोबर होता. साधे ट्यूनर सप्तकाचे 12 सारखे भाग करून मोजतात, हार्मोनियमही बहुधा तशीच लावलेली असते. त्या हिशेबातला गंधार षड्जाच्या सुमारे 1.26 पट येतो. तारेतून आपोआप उमटणारा गंधार 5 ला 4 या प्रमाणात, म्हणजे बरोबर 1.25 पट. तंबोऱ्याची खर्जाची तार शांतपणे ऐकली की तिच्यातच हा गंधार ऐकू येतो. गाणारी मंडळी त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. दोन्हींतला फरक कागदावर किरकोळ, पण तरफेवर तो सोसवत नाही. तेव्हापासून ट्यूनर मी फक्त षड्ज धरण्यापुरता वापरते. माझ्या सतारीचा षड्ज काळी 1, म्हणजे हार्मोनियमची पहिली काळी पट्टी. एकदा षड्ज मिळाला की मोबाईलवर तंबोरा लावायचा आणि बाकीचं कानावर सोपवायचं.

जुळवण्याचा क्रम सांगते. आधी बाजाच्या शेजारची जोडाची तार षड्जात. मग बाजाची, म्हणजे जिच्यावर राग वाजतो ती मुख्य तार मध्यमात. मग पंचम, खर्ज आणि चिकारी, म्हणजे कडेच्या बारीक तारा. सगळ्यात शेवटी तरफा, आणि त्या रागाप्रमाणे: यमन वाजवायचा तर मध्यम तीव्र, भैरव असेल तर रिषभ-धैवत कोमल. तरफ लागली की नाही हे कळायला एक युक्ती आहे. कागदाचा नखाएवढा तुकडा दुमडून त्या तारेवर स्वार करून ठेवा. वर पडद्यावर तोच स्वर वाजवा. तार जुळलेली असेल तर कागद थरथरतो, कधी उडून पडतो. जुळलेली नसेल तर ढिम्म राहतो. ज्या तारेला हात लावलेला नाही ती शेजारच्या स्वरानं गाऊ लागते, हे डोळ्यांनी पाहिलं की सतारीशी आपलं नातंच बदलतं. माझा भाचा अकरावीत भौतिकशास्त्रात अनुनाद शिकत होता, त्याला मी हे करून दाखवलं. तो तासभर त्या कागदांशीच होता.

पडद्यांचंही तसंच. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, ते सरकतात, आणि बहुतेक नवशिके त्यांना हात लावायला घाबरतात. घाबरू नका, शिंप्याची टेप घ्या. वरच्या पट्टीपासून, जिथून तार सुटते तिथून, घोडीपर्यंतचं, म्हणजे भोपळ्याकडे तारा जिच्यावर टेकतात तिथपर्यंतचं अंतर मोजा. मोकळी बाजाची तार मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला मध्यम बोलते. बरोबर निम्म्या अंतरावर मध्य सप्तकातला मध्यम सापडतो. वरून एक तृतीयांश अंतरावर, म्हणजे तारेचा दोन तृतीयांश भाग वाजता राहतो तिथे, मध्य षड्ज. तार दाबताना थोडी ताणली जाते, म्हणून कानानं किंचित मागेपुढे करावं लागतं. पण या दोन जागा पक्क्या झाल्या की मधले पडदे तंबोऱ्याशी ताडून बसवता येतात. मध्य सप्तकात रिषभाला एकच पडदा असतो, धैवताला एकच. कोमल हवा असेल तर तोच वर, खुंट्यांच्या बाजूला सरकवायचा. भैरवासाठी पहिल्यांदा स्वतःच्या हातानं रिषभ सरकवला तेव्हा भैरवातला रिषभ मला कळला. तोवर तो मी नुसता ऐकला होता.

हवामान इथे आपलं वेगळंच शिक्षण करतं. माळव्याच्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी होते की लाकडी खुंट्या आखडतात आणि फिरून सैल पडतात. त्यांना खडू घासावा लागतो. पावसाळ्यात त्याच खुंट्या फुगून बसतात, तेव्हा जोर करायचा नाही, थोडं आत-बाहेर करत फिरवायची. थंडीत तारा आवळून चढतात. वर्षभर रोज जुळवलंत तर ऋतू कानाला कळतो.

आता "कुणाकडे न जाता" याबद्दल. हे शब्द मला खटकतात, आणि इंदुरात राहून तर जास्तच. होळकरांच्या दरबारात शाहमीर खाँ सारंगी आणि बीन, म्हणजे वीणा वाजवत. त्यांनी मुलाला आधी सारंगीच शिकवली. तो मुलगा म्हणजे ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ. त्यांचे धाकटे भाऊ बशीर खाँ पुढे आकाशवाणीच्या इंदूर केंद्रावर सारंगी वाजवत. अमीर खाँसाहेबांच्या विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या ख्यालावर अब्दुल वहीद खाँ यांचा ठसा आहे, तानांवर देवासच्या रजब अली खाँ यांचा. या दोघांचं त्यांनी मुख्यतः ऐकून उचललं. म्हणून कुणी त्यांना स्वयंशिक्षित म्हणतं, ते मला पटत नाही. घरात वडिलांनी कान तयार केला होता, मगच ते नुसतं ऐकून घेऊ शकले. आपल्याला तसं घर मिळालेलं नाही, पण ऐकणं आपल्या हातात आहे. मी त्यांचा एक विलंबित ख्याल घेऊन बसते, एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकते, स्वयंपाक करताना गुणगुणते, आणि गळ्यात बसलं की मगच सतारीवर शोधते. गळ्यात नसलेली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, बोटात येत नाही. गंधाराच्या पडद्यावर तार ओढून पंचमापर्यंत जायचं असेल तर तो पंचम आधी मनात वाजायला हवा, नाहीतर हात कुठे थांबणार?

शाहमीर खाँ यांनी मुलाकडून मेरुखंड, म्हणजे त्याच स्वरांच्या उलटसुलट मांडण्यांचा रियाज, करवून घेतला होता. एकट्यानं शिकणाऱ्याला याहून चांगला रियाज मला माहीत नाही. तीन स्वर घ्या: सा रे ग. ते सहा प्रकारे मांडता येतात: सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. चार स्वर घेतले की 24 प्रकार होतात, सातही घेतले तर 5040. तेवढं करायला कुणी सांगत नाही. चारांचे 24 यमनमध्ये हळूहळू वाजवा. कुठली मांडणी यमनसारखी वाटते आणि कुठली परकी वाटते, हे कान आपोआप सांगू लागतो. याला पुस्तक लागत नाही, यूट्यूब लागत नाही.

बोटांबद्दल थोडक्यात. उजव्या तर्जनीत नखी, म्हणजे मिजराब. बोट आत, तळहाताकडे आलं की दा, बाहेर गेलं की रा. दिवसाची सुरुवात नुसत्या दा-रानं करा, आणि दोन्हींचा आवाज सारखा येतो का ते मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट सुरुवातीला दुखतं, कातडी निबर होते, मग थांबतं. डाव्या बोटांना खोबरेल तेलाचा थेंब लावला की तारेवरून सरकतात.

बैठक मात्र एकट्यानं ठरवू नका, इथे माझा आग्रह आहे. सतारीचं वजन उजव्या कोपराखाली भोपळ्यावर तोलायचं असतं, डाव्या हातावर ते येता कामा नये. येत असेल तर मनगट आणि खांदा वर्षभरात बोलू लागतात, आणि आरशात पाहून हे नीट कळत नाही. जाणत्या माणसापुढे एकदा बसा, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बसा. मी बसले. त्यांनी मला राग शिकवला नाही, माझं कोपर अलगद धरून बोटभर मागे नेलं. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसून वाजवा. त्यात कमीपणा काहीच नाही.

एकट्यानं न करण्याची दुसरी गोष्ट जवारी, म्हणजे घोडी घासून आवाज खुलवणं. घोडीचा वरचा पृष्ठभाग किंचित उतरता घासलेला असतो, तार त्याला निसटती शिवते आणि म्हणून सतारीचा आवाज सतारीचा असतो. वाजवून वाजवून तिथे बारीक चरे पडतात आणि आवाज दबतो. कानस घेऊन ते काम घरी करायला जाऊ नका. मी माझी सतार मिरजेला नेते, सांगलीला नणंद असते म्हणून ते सोयीचं पडतं. मिरजेच्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार होते, शस्त्रांना धार लावणारे. 19व्या शतकात ते वाद्यांकडे वळले. भोपळे मंगळवेढा-पंढरपूर भागातून येतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर जवारी काढताना बघणं हा अनुभव आहे. कानस दोनदा फिरवायची, घोडी बसवायची, तार छेडायची, डोळे मिटून ऐकायचं, पुन्हा घोडी काढायची. मी विचारलं, "चाचा, बरोबर झालं हे कसं ओळखता?" म्हणाले, "ताई, तुम्ही सांगा ना, झालं का?" आणि खरोखर थांबले, माझ्या उत्तराची वाट बघत. मी म्हटलं, "खर्ज अजून कोंडलाय." त्यांनी मान डोलावली आणि घोडी पुन्हा काढली.

म्हणून "गुरू नाही" असं मी म्हणत नाही. सासूबाई आहेत, मिरजेचे चाचा आहेत, कोपर मागे नेणारे आहेत, आणि रेकॉर्डमधले खाँसाहेब आहेत. शिष्य करून घेताना गुरू बांधतात तो गंडा कुणी बांधला नाही एवढंच खरं. कुणाकडे नियमित जाता येत असेल तर जरूर जा, माझ्याकडे बघून ते टाळू नका. बँकेच्या वेळा आणि घरचं आजारपण यांत मला ते शक्य नव्हतं.

राहिला प्रश्न घेण्याचा. बऱ्याच जणांना वाटतं, आधी स्वस्तातली घेऊ, जमलं तर चांगली. उलट करा. शोभेच्या दुकानातल्या नक्षीदार सतारीच्या खुंट्या धरत नाहीत, पडदे वाकडे असतात, ती जुळतच नाही, आणि मग शिकणं तिथेच संपतं. त्यापेक्षा ओळखीच्या कुणाची जुनी, साधी, नक्षी नसलेली घ्या आणि कारागिराकडून दुरुस्त करून घ्या. बघायला जाल तेव्हा खुंट्या फिरवून बघा, दांडी एका डोळ्यानं सरळ आहे का बघा, भोपळ्याला तडा आहे का हे बोटानं हलकं वाजवून बघा. बाजाच्या चार-पाच तारा जादा घेऊन ठेवा, सगळ्यात आधी तीच तुटते आणि नेमकी रविवारी तुटते. आमच्या सुदामानगरात कुणी नवी-जुनी सतार घेतली तर मला कळवा. पहिल्या दिवशी मी येऊन बसेन, पण खुंट्या तुम्ही फिरवायच्या.