लिओनोव्ह आधी उतरला आणि आमच्या घरी वाद पेटला

फॉर ऑल मॅनकाइंड ही मालिका बघतोय आम्ही सगळे सध्या, आणि रोज जेवताना तोच विषय. १९६९ मध्ये चंद्रावर पहिला पाय सोव्हिएतचा अलेक्सेई लिओनोव्ह ठेवतो, बस, एवढंच बदललंय आणि तिथून सगळा इतिहास वेगळ्याच वाटेला लागतो. खरं तर सोव्हिएतचं चंद्रावर जायचं एन१ रॉकेट ३ जुलै १९६९ला लाँचपॅडवरच फुटलेलं.

होटगी रोडचा माझा मित्र म्हणतो, "का बे, निम्मं तर घरचीच भांडणं, रॉकेट कुठंय त्यात?" मला नाही पटत. घरात कोण वाट बघतंय ते कळल्याशिवाय वर गेलेल्याची काळजी वाटणारच नाही ना.

आई तर शेंगाचटणी कुटायची थांबली होती, मालिकेतली अंतराळवीर मॉली कॉब केबलला लटकून चंद्रावरच्या शॅकल्टन विवराच्या अंधारात उतरते तेव्हा. बत्ता हातात तसाच, आणि बर्फ सापडल्यावर म्हणाली, "बाईनंच शोधलं बघ!" मग मी तिला सांगितलं की १९६१च्या आसपास अमेरिकेत खरंच १३ बायका अंतराळवीरांच्या मेडिकल टेस्ट पास झाल्या होत्या पण नासानं एकीलाही घेतलं नाही, आणि अमेरिकेची पहिली बाई, सॅली राइड, अंतराळात गेली थेट १९८३ला. आई लई चिडली. "का नाही घेतलं गं त्यांना?" हे ताईला चारदा विचारलं.

ताईचं म्हणणं वेगळंच, चंद्रावर पाण्याचा पुरावा तर आपल्या चांद्रयान-१नं दिला, तर असा बदललेला इतिहास इस्रोचा पण कुणीतरी बनवावा. मी तर पहिल्या दिवशी बघीन.