परभणीची थंडी आणि गाडी 'गरम' करणं

डिसेंबर लागला की आमच्या कॉलनीत पहाटे गजर लावायची गरज पडत नाही. समोरचे काका पेट्रोल गाडी चालू करतात, दोन-तीनदा सणसणीत रेस देतात आणि तशीच घुरघुरत ठेवून आत चहाला जातात. चहा, पेपर, कानटोपीची शोधाशोध, सगळं होईस्तोवर गाडी जागेवरच. विचारलं तर म्हणतात, "अहो सर, ऑइल वर चढू द्यावं लागतं ना!"

थंडी खोटी नाही. कृषी विद्यापीठातला किमान तापमानाचा आकडा पेपरात ५-६ अंशांवर आला की आम्हा परभणीकरांना गारठ्यापेक्षा कौतुकच जास्त. पण ऑइल चढायला एवढा वेळ लागत नाही. ऑइलचा पंप इंजिनासोबतच फिरतो. डॅशबोर्डवरचा लाल किटलीचा दिवा काही सेकंदांत विझतो तो त्यामुळेच. त्यात हल्लीचं ५डब्ल्यू-३० ऑइल शून्याखालच्या थंडीतही वाहतं. आपल्या थंडीला ते काय दाद देणार?

सवय जुनी आहे आणि तेव्हा ती बरोबरच होती. कार्बोरेटरच्या मारुती ८०० ला चोक ओढावा लागायचा, गार असताना दामटली की आचके द्यायची. डिझेलचं तर विचारूच नका. माझे मामा जिंतूर रोडला काळी-पिवळी चालवायचे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेली हवाच इतकी तापते की डिझेल पेट घेतं. पहाटे लोखंड गार पडलेलं असलं की ती उष्णता तेच खाऊन टाकतं, म्हणून आतून ऊब द्यायला हीटर प्लग. मामांच्या जीपचे हीटर कायम जळालेले. मग डिझेलात भिजवलेला चिंध्यांचा बोळा तारेला बांधून पेटवायचा आणि हवा ओढणाऱ्या तोंडाशी धरायचा. क्लीनर सेल मारतोय, मामा "मार, मार, सोडू नको" ओरडतायत, आम्ही पोरं शाली गुंडाळून लांब उभी. आधी पांढरा धूर, मग काळा, मग एकदम थडथड. एवढा कुटाणा करून चालू झालेली जीप कोण बंद करील? (हा प्रयोग आजच्या गाडीवर कृपया करू नका.)

आताच्या इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर पाण्याचं तापमान बघतो आणि कॉम्प्युटर त्या हिशेबाने पेट्रोल जास्त सोडतो. सुरुवातीला आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) हजाराच्या वर असतो आणि हळूहळू उतरतो, तो याच कारणाने. गार सिलिंडरमध्ये यातलं थोडं पेट्रोल नीट जळत नाही, भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलात मिसळतं. गाडी नुसती उभी ठेवली की इंजिन तापतं सावकाश, म्हणजे हा प्रकार लांबतो. काकांचं 'ऑइल चढवणं' उलट ऑइल पातळ करतंय.

मी अर्धा मिनिट देतो. काचेवरचं दव पुसायचं, बेल्ट लावायचा, निघायचं. वसमत रोडला लागल्यावरही आरपीएम २००० च्या आसपास, दणका नाही. डॅशबोर्डवरचा, इंजिन गार असल्याचं सांगणारा निळा दिवा विझला तरी लगेच उसाच्या ट्रॉल्यांना ओव्हरटेक करायला धावत नाही, कारण पाणी तापल्यावरही ऑइल तापायला आणखी वेळ लागतो. गिअरबॉक्स तर चालल्याशिवाय तापतच नाही.

शटर ओढलेल्या पार्किंगमध्ये मात्र गाडी मिनिटभरही चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सीएनजीवाल्यांनी टाकीत थोडं पेट्रोल ठेवावं. बऱ्याच गाड्या पेट्रोलवर चालू होतात आणि इंजिन जरा तापल्यावरच गॅसवर जातात.

आणि गाडी बरीच चालवूनही तापमानाचा काटा वर येत नसेल, हीटर लावल्यावर कोमटच वारा येत असेल, तर मेकॅनिकला थर्मोस्टॅटबद्दल, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या वॉल्व्हबद्दल विचारा. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून तो वॉल्व्ह काढून फेकून देणारे कमी नाहीत. तो नसला की पाणी पहिल्यापासून रेडिएटरमध्ये फिरत राहतं, मग अंगणात कितीही वेळ घुरघुरू द्या.