झेडपीला पहिल्यांदा उभं राहताय? आधी मतदार यादी उघडा

जिल्हा परिषद लढवायला वयाची 21 वर्षं पूर्ण लागतात आणि जिल्हा परिषदेच्या हद्दीतल्या कुठल्यातरी गटाच्या, म्हणजे झेडपीच्या मतदारसंघाच्या, मतदार यादीत नाव लागतं. बाकी घराणं, पैसा, साखर कारखान्याचं पाठबळ यातलं काहीही कायदा मागत नाही. तरीही पहिल्यांदा उभी राहणारी चांगली पोरं हरतात, आणि बऱ्याचदा मतदानाच्या आधीच हरलेली असतात. कागदात हरतात, यादीत हरतात. भाषण कसं करावं हे सांगणारे गावोगावी भेटतील, म्हणून इथे फक्त कागद आणि यादी.

सुरुवात आरक्षणापासून. निम्म्या जागा महिलांसाठी असतात, त्याशिवाय अनुसूचित जाती, जमाती आणि मागास प्रवर्गाच्या जागा. सोडत निघेपर्यंत आपला गट कुणाला सुटणार हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढची काही वर्षं प्रशासकच होता. त्या काळात आरक्षण पाळीपाळीनं फिरण्याच्या जुन्या चक्राचा हिशोब मांडून तयारीला लागलेल्यांचे अंदाज ऑक्टोबर 2025 च्या सोडतीत चुकले, कारण नव्या नियमांनुसार आरक्षणाचं चक्र पहिल्यापासून मोजलं गेलं. म्हणून एकाच गटावर सगळं लावू नका. उमेदवार जिल्ह्यातल्या दुसऱ्या गटातूनही उभा राहू शकतो. सूचक, म्हणजे अर्जावर तुमचं नाव सुचवणारा, मात्र त्या गटाचा मतदार हवा. शेजारच्या गटातही चार-पाच गावांत जाणं-येणं ठेवा. पंचायत समितीचा गण, म्हणजे तिचा मतदारसंघ, हाही चांगला पर्याय आहे. एका गटात दोन गण येतात, म्हणजे निम्मा भाग नीट सांभाळायचा. आणि जागा महिलेला सुटली तर घरातल्या बाईचं नाव लावून कारभार आपण हाकायचा, हे कृपा करून करू नका. गावात बचत गट चालवणारी, हिशोब तोंडपाठ असणारी एखादी ताई नक्की असते. तिच्यामागे ताकद उभी करा.

आता यादी. खरी निवडणूक इथेच होते.

विधानसभेची यादी गट-गणांप्रमाणे फोडून झेडपीची यादी बनते. राज्य निवडणूक आयोग या टप्प्यावर नवीन नाव घालत नाही. त्यामुळे अठरा पूर्ण झालेल्या पोरांची नावनोंदणी ठरलेल्या तारखेच्या आधी विधानसभेच्या यादीत झालेली असली पाहिजे. 2025 च्या तयारीत ही तारीख 1 जुलै होती. प्रारूप यादीवर हरकतीला मोजके दिवस मिळतात. तेवढ्यात पाहायचं ते हे: आपली एखादी वाडी चुकून शेजारच्या गटात गेली आहे का, आणि विधानसभेच्या यादीत असलेलं नाव इथे गळलंय का. अख्खी वस्ती दुसऱ्या गटात गेल्याचं मतदानाच्या दिवशी कळलं तर काहीही करता येत नाही.

यादी छापून घ्या आणि पानानं वाटा. एका पानावर साधारण 30 नावं असतात. त्या पानाला एक माणूस, तोही त्याच आळीतला. पेन्सिलनं खुणा करायच्या: मयत, बाहेरगावी, लग्न होऊन गेलेली, दुबार. समजा 30 पैकी 2 मयत, 8 जण पुण्या-मुंबईला कामाला, 3 लेकी सासरी आणि 1 नाव दुबार निघालं. उरले 16. त्या आळीतलं तुमचं राजकारण या 16 जणांत आहे, आणि मतदानाच्या आदल्या रात्री गावी येऊ शकणाऱ्या त्या 8 जणांत. त्यांचे फोन नंबर पानाच्या कडेला लिहून ठेवा. दुबार नावांपुढे 2025 पासून दोन तारे छापले जातात. अशा मतदाराला कुठल्या केंद्रावर मत देणार ते आधीच लिहून द्यायला सांगा, नाहीतर केंद्रावर हमीपत्र, ओळख पटवणं यात वेळ जातो आणि म्हातारं माणूस कंटाळून परत फिरतं.

फ्लेक्सवर होणाऱ्या खर्चातला निम्मा या कामाला लावला तरी पुष्कळ.

अर्जाचं पाहू. शेवटच्या दिवशी दुपारी 3 ला दार बंद होतं, म्हणून किमान एक दिवस आधी अर्ज आत गेलेला बरा. पक्षाकडून उभे असाल तर एबी फॉर्मही, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, त्याच मुदतीत पोचला पाहिजे. फॉर्म शेवटच्या तासाला मिळेल असं सांगणारा नेता असेल तर अपक्ष म्हणूनही एक अर्ज भरून ठेवा. शपथपत्रात एकही रकाना कोरा सोडू नका. लागू नसेल तिथे "निरंक" लिहा. मालमत्ता, कर्ज, गुन्हे, सगळं खरं. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी वडिलांच्या नावावर असली तरी भरून टाका आणि ग्रामसेवकाचा दाखला घ्या. शौचालय वापराचं प्रमाणपत्रही जोडायचं असतं. 12 सप्टेंबर 2001 नंतरच्या जन्मामुळे अपत्यं दोनाहून जास्त होत असतील तर उमेदवारी टिकत नाही.

तरुणांना हमखास नडणारी गोष्ट वेगळीच आहे: ठेका. बरीच पोरं गावात रस्त्याची, गटाराची छोटी कामं घेतात, कधी स्वतःच्या नावावर, कधी मित्राच्या भागीदारीत. जिल्हा परिषद किंवा पंचायत समितीच्या कामात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर अपात्रता येते. बिल निघायचं बाकी आहे एवढ्यावरूनही विरोधक हरकत घेतो. उभं राहायचं मनात असेल तर वर्षभर आधीच त्यातून मोकळे व्हा, कागदोपत्री.

राखीव जागेवर असाल तर जात पडताळणीचा अर्ज आज टाका. वैधता प्रमाणपत्र हातात नसेल तर समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि हमीपत्र चालतं, पण निवडून आल्यावर प्रमाणपत्र देण्याची मुदत काटेकोर असते. ही मुदत बंधनकारक आहे असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे. निवडून आलेल्या माणसाचं पद निव्वळ एका कागदापायी जातं, तेव्हा त्याला मत दिलेल्या गावांचं मोठं नुकसान होतं.

प्रचारात झेडपीच्या हातात काय आहे तेवढंच बोला. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्र, अंगणवाडी, जनावरांचा दवाखाना, गावाची पाणी योजना. रस्त्यांत ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग झेडपीचे. राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा, त्यावरचे खड्डे बुजवतो म्हणून सांगू नका. त्यापेक्षा शाळेच्या गळक्या खोलीचा फोटो घ्या, दुरुस्तीचा प्रस्ताव पंचायत समितीत कधी गेला आणि कुठल्या टेबलावर अडकला ते माहिती अधिकारात काढा, आणि तो कागद घेऊन त्या गावात जा. लोक तो कागद उलटसुलट करून वाचतात.

मतदाराला दोन मतं द्यायची असतात, एक गटाचं आणि एक गणाचं. वयस्कर लोक एक बटण दाबून बाहेर यायला निघतात. नमुना मतपत्रिका घेऊन घरोघर दोनदा समजावा. मतदान 7:30 ला सुरू होतं, पण तुमचा प्रतिनिधी त्याआधी तासभर केंद्रावर हवा, कारण मॉक पोल, म्हणजे यंत्राची चाचणी घेणारं मतदान, तेव्हाच होतो. त्यानं मॉक पोलची मतं पुसून यंत्र शून्यावर आणलंय हे पाहायचं, सीलचे नंबर वहीत उतरवायचे, आणि संध्याकाळी एकूण मतदानाचा आकडा सहीसकट घेतल्याशिवाय हलायचं नाही.

खर्चाची मर्यादा गटांच्या संख्येवर आहे: 71 ते 75 गट असतील तर 9 लाख, 61 ते 70 ला 7.5 लाख, 50 ते 60 ला 6 लाख. पुणे पहिल्यात येतं, सिंधुदुर्ग शेवटच्यात. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडा. खुर्ची, चहा, गाडी यांचे दर प्रशासन ठरवून देतं, त्याच दरानं रोजचं रोज लिहा. निकालानंतर 30 दिवसांत पूर्ण हिशोब द्यावा लागतो, हरलेल्यालाही. हरलेली पोरं नेमकी इथे चुकतात: मन उडालेलं असतं, पावत्या कुणाच्या तरी गाडीच्या डिकीत राहतात, आणि हिशोब दिला नाही म्हणून आयोग 5 वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. म्हणजे पुढचीही निवडणूक गेली. हिशोबाची वही पहिल्या दिवसापासून एकाच विश्वासू माणसाकडे द्या, आणि तो माणूस प्रचाराला काढू नका.