वॉशरचा दुसरा तुकडा

आयटीआयमध्ये फिटर ट्रेडची दोन वर्षे पूर्ण करून मी मरोळ परिसरातील एका बिस्किट कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू झालो. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अन्वये माझ्यासारख्याला कारखान्यात एक वर्ष काढावे लागते आणि त्यानंतर परीक्षा द्यावी लागते. मुलुंडहून लोकलने घाटकोपर आणि तेथून मेट्रोने मरोळ नाका, असा माझा रस्ता होता. वर्गातल्या बहुतेक मित्रांना वाहनांच्या सुट्या भागांचे कारखाने मिळाले होते आणि मला बिस्किटे मिळाली, याबद्दल त्यांनी माझी पुष्कळ थट्टा केली. विलेपार्ल्याचा १९२९ सालचा जुना कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, तेव्हापासून मुंबईत बिस्किटे होतात हेच अनेकांच्या ध्यानी राहिलेले नाही. माझी स्वतःची समजूत अशी होती की मोटर, गिअरबॉक्स, चेन आणि बेअरिंग सगळीकडे सारखेच असणार, मग त्यांच्यावरून बिस्किट जावो की बोल्ट.

ही समजूत दारातच डळमळू लागली. अन्न व्यवसायाच्या परवाना नियमनाच्या अनुसूची ४ प्रमाणे अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, आणि ती आम्हा पाने फिरवणाऱ्यांनाही चुकत नाही. घड्याळ, अंगठी, मनगटातला गंडा हे सारे लॉकरमध्ये ठेवावे लागले. मिळालेल्या गणवेशाला वरचा खिसा नव्हता आणि बटणेही नव्हती, कारण वाकून काम करताना खिशातले पेन आणि सुटलेले बटण दोन्ही खालीच पडतात. जखमेवर लावायची पट्टी निळी आणि आत धातूचा पातळ पापुद्रा असलेली: निळ्या रंगाचे अन्न जवळजवळ नसल्यामुळे ती डोळ्याला दिसते आणि डोळ्यातून सुटली तर मेटल डिटेक्टरला सापडते. हात आणि यंत्र पुसायच्या ज्या कॉटन वेस्टवाचून, म्हणजे सुताच्या गुंत्यावाचून, आयटीआयची कार्यशाळा चालत नाही, तिला येथे बंदी होती, कारण तिचे धागे सुटतात. लाकडी मुठीच्या कानशी नव्हत्या, तुकडे मोडत जाणारे कटर नव्हते. अन्नाला चुकून लागले तरी अपाय होऊ नये अशा एच-१ वर्गातल्या ग्रीसचा डबा वेगळ्या कपाटात आणि नेहमीच्या ग्रीसचा वेगळ्या कपाटात होता. हत्यारे पेटीत न ठेवता भिंतीवरच्या फळीवर टांगलेली असत आणि प्रत्येकाच्या मागे त्याचीच आकृती रंगवलेली असे, म्हणजे एक पाना जरी जागेवर नसला तरी दुरूनच दिसे.

ज्या ज्येष्ठ फिटरच्या हाताखाली मला देण्यात आले, त्यांना सारा कारखाना काका म्हणत असे. ते फारसे शिकवीत नसत. काम करीत राहत आणि मी काय पाहतो आहे याकडे लक्ष ठेवीत. मला विचाराल तर शिकवण्याची ही पद्धत वाईट नाही, मात्र नव्या मुलाला पहिले काही दिवस ती बरीच जड जाते.

सांगायचा दिवस दिवाळीच्या आधीच्या धांदलीतला आहे. त्या सुमारास ऑर्डरींचा इतका ताण असतो की लाइन थांबलेले प्रत्येक मिनिट प्रॉडक्शनचे साहेब मोठ्याने मोजतात. सकाळची पाळी सुरू होऊन तीनेक तास झाले असतील, तेव्हा रॅपिंग मशीनच्या तोंडाशी असलेल्या ब्रशचा आवाज बदलल्याची तक्रार आली. भट्टीतून निघालेली बिस्किटे लांबलचक कूलिंग कन्व्हेयरवर हळूहळू निवतात, कारण ती घाईने थंड केली तर त्यांना केसाएवढ्या चिरा पडतात आणि पुडा फोडल्यावर हाती तुकडेच येतात. निवल्यावर ती मेटल डिटेक्टरखालून जातात आणि मग रॅपिंग मशीनकडे वळतात. तेथे एखादे बिस्किट उभे राहिले किंवा दुसऱ्यावर चढले तर त्याला खाली बसवण्यासाठी पट्ट्याच्या वर नायलॉनचा एक गोल ब्रश फिरत असतो. त्या ब्रशच्या एका टोकाचे बेअरिंग गेले होते.

काम तसे किरकोळ होते. काकांनी आधी पट्ट्यावरची बिस्किटे काढायला लावली, आयसोलेटर, म्हणजे मशीनची वीज तोडणारा खटका, बंद करून त्याला स्वतःचे कुलूप व नावाचा टॅग लावला आणि मशीन खरोखर चालू होत नाही ना, हे बटण दाबून पाहिले. बेअरिंग चार बोल्टांच्या फ्लँजचे, म्हणजे बोल्टांनी चौकटीला बसवायच्या कडेचे, क्रमांकाच्या शेवटी ०४ असलेले. शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले की शाफ्टचा व्यास मिळतो, म्हणजे वीस मिलिमीटर, हे मी आयटीआयमध्ये शिकलो होतो आणि ते वेळेवर आठवल्याचा मला आनंदही झाला. ब्रश कार्यशाळेत धुवायला पाठवला आणि स्टोअरमधला राखीव ब्रश मागवला. काढलेला प्रत्येक भाग मी स्टीलच्या ट्रेमध्ये मांडत होतो. नवे बेअरिंग बसवण्यापूर्वी काकांनी ट्रेकडे पाहिले आणि मला मोजायला सांगितले. बोल्ट चार, नट चार, साधे वॉशर चार, आणि नट ढिला होऊ नये म्हणून त्याखाली घालायचे, एका जागी कापलेल्या कडीसारखे स्प्रिंग वॉशर तीन.

काकांनी पुन्हा मोजायला सांगितले नाही. त्यांनी चौथा नट उचलून पाहिला. तो इतर तिघांच्या मानाने हाताला सैल लागला होता, हे त्यांच्या आधीच ध्यानात आले असावे. घसरत्या बेअरिंगच्या थरथरीने नट ढिला होतो, आणि ढिल्या नटाखालचा स्प्रिंग वॉशर वारंवार दबून-सुटून कधी कधी तडकतो, असे त्यांनी सांगितले. मी म्हणालो, "काका, स्टोअरमधून नवा आणू का?"

"नवा टाकून मोकळं व्हायला दोन मिनिटं लागतील," ते म्हणाले. "जुना कुठंय ते सांग."

मग त्यांनी मला वर पाहायला लावले. ते नट फ्लँजच्या आतल्या बाजूला होते आणि त्यांच्या बरोबर खाली बिस्किटांचा पट्टा होता. मेटल डिटेक्टर मागे राहिला होता. आमच्याकडे तो रॅपिंगच्या आधी बसवलेला आहे, कारण पुड्याच्या वेष्टनावर धातूचा मुलामा असतो आणि तो डिटेक्टरच्या कामात अडथळा आणतो. त्या ब्रशपाशी जे काही पडेल ते थेट पुड्यात जाणार आणि त्याला अडवणारे पुढे काहीही नव्हते. हे मांडणीतले वैगुण्य होते आणि ते आमच्याच नव्हे तर तेथे रोज वावरणाऱ्या सगळ्यांच्या नजरेतून सुटले होते.

काकांनी क्वालिटीच्या मॅडमना बोलावले. त्या आल्या, त्यांनी ट्रे पाहिला, जागा पाहिली आणि सकाळी लाइन सुरू झाल्यापासून भरलेला सगळा माल थांबवण्यास सांगितले. सकाळच्या तपासणीपत्रकात ब्रशपुढे बरोबरची खूण होती, म्हणजे निदान तेव्हा तरी कोणी तेथे पाहिले होते. त्याच्या आधीच्या मालाविषयी म्हणून आधार होता. त्यानंतरच्या प्रत्येक पुड्यावर बॅच क्रमांक आणि वेळ छापलेली होती. त्यातले काही खोके ट्रकमध्ये चढत होते. मॅडमनी गेटवर फोन करून ट्रक आतच अडवला. माल एकदा बाहेर पडला असता तर गोष्ट कारखान्याच्या चार भिंतींत राहिली नसती, कारण बाजारातून माल परत घेण्याविषयी २०१७ ची स्वतंत्र नियमावली आहे आणि तिच्याप्रमाणे अन्न प्राधिकरणाला कळवावे लागते.

आम्ही शोधाला लागलो. पट्ट्याखाली चुऱ्याचा ट्रे असतो. मी मॅग्नेट घेऊन आलो तेव्हा काकांनी तो बाजूला ठेवायला लावला. वॉशर स्टेनलेस स्टीलचा होता, आणि ३०४ जातीचे स्टेनलेस चुंबकाला धड चिकटत नाही. गार अवस्थेत वाकवताना त्यात थोडे चुंबकत्व येते खरे, परंतु त्यावर विसंबता येत नाही. "मॅग्नेटला लागला नाही म्हणजे तिथं नाही, असं समजशील आणि फसशील," असे ते म्हणाले. तेव्हा सगळा चुरा चाळणीने चाळायचा ठरला. ट्रेमधला चाळला, त्यात काही नव्हते. सकाळपासून ट्रेमधून पिंपात ओतलेला चुरा मग मी चाळायला घेतला. खमंग वासाचा तो बारीक चुरा नाकातोंडात जात होता आणि टोपीखाली घाम साचत होता. पिंप निम्म्यावर आले तेव्हा चाळणीत टिक असा आवाज झाला.

तो अर्धा वॉशर होता. दहा मिलिमीटरच्या बोल्टाचा स्प्रिंग वॉशर बाहेरून अठरा मिलिमीटरच्या आसपास असतो. हाती आला तो त्याचा कोयरीसारखा वळलेला निम्मा भाग. एक टोक मूळचे, तिरपे कापलेले, आणि दुसरे खडबडीत व ताजे तुटलेले. मला वाटले आता सुटलो. प्रत्यक्षात अडचण येथूनच वाढली. तोवर चौथा वॉशर मुळात बसवलेलाच नसेल, ही शक्यता जिवंत होती आणि प्रॉडक्शनचे साहेब तीच पुन्हा पुन्हा मांडत होते. आता वॉशर होता, तो चालत्या मशीनवर तुटला आणि त्याचा एक तुकडा खाली आला, एवढे सिद्ध झाले. दुसरा कोठे आहे, याचे उत्तर नव्हते.

त्यावर लाइनच्या बाजूलाच जे बोलणे झाले ते मी खोऱ्या हातात धरून ऐकत उभा होतो. साहेबांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पहिला तुकडा जसा ट्रेमध्ये पडला तसाच दुसराही पडला असणार, कदाचित तो झाडताना गेला असेल, आणि एका तुकड्यापायी दिवाळीच्या तोंडावर इतक्या तासांचा माल अडवणे त्यांना परवडणारे नव्हते. मॅडमनी आवाज न चढवता उत्तर दिले.

"साहेब, तो सापडेपर्यंत माझ्या लेखी तो पुड्यात आहे."

चर्चा येथे संपायला हवी होती, पण ती आणखी बराच वेळ चालली, कारखान्याच्या व्यवस्थापकांपर्यंत गेली आणि शेवटी मॅडमच्या बाजूने निकाल लागला. ठरले ते असे: अडवलेला प्रत्येक पुडा फोडायचा, बिस्किटे सुटी करायची आणि ती पुन्हा डिटेक्टरमधून सोडायची. आमचा डिटेक्टर दर तासाला तीन नमुन्यांनी तपासला जातो. लोखंडाचा दीड, अलोह धातूचा दोन आणि स्टेनलेसचा अडीच मिलिमीटरचा. स्टेनलेस ओळखायला सर्वांत अवघड, म्हणून त्याचा नमुना मोठा. अर्धा वॉशर त्याहून कितीतरी मोठा असल्याने तो असला तर निसटणार नव्हता. तरी मॅडमनी काम सुरू करण्याआधी तिन्ही नमुने पट्ट्याच्या मध्यावरून व दोन्ही कडांवरून सोडून पाहिले.

दुसऱ्या पाळीच्या बायका पुडे फोडायला बसल्या. नवे बेअरिंग बसवायला काकांना अर्धा तास पुरला होता, पुडे फोडण्याचे काम मात्र रात्रीपर्यंत चालले. डिटेक्टर एकदाही थांबला नाही. माझी पाळी केव्हाच संपली होती, पण काका थांबले होते म्हणून मीही थांबलो. शेवटचे खोके रिकामे झाल्यावर मॅडमनी फोडलेला माल चुऱ्यात काढायची नोंद केली, कारण उघडून हाताळलेले बिस्किट पुन्हा पुड्यात भरता येत नव्हते. साहेब एकही शब्द न बोलता निघून गेले.

दुसरा तुकडा दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाला. कार्यशाळेबाहेरच्या धुण्याच्या जागेवर जुना ब्रश दाबाच्या पाण्याने धुतला जात होता आणि दाट नायलॉनच्या केसांच्या बुडाशी, अगदी दांड्याला टेकून, तो अडकलेला होता. आदल्या दिवशी काकांनी आणि मी तो ब्रश झटकला होता, केसांतून बोटे फिरवली होती. इतक्या खोलवर आमची बोटे पोहोचलीच नव्हती. काकांनी दोन्ही तुकडे तळहातावर घेऊन तुटलेली टोके एकमेकांना लावली. ती बसली. मग ते दोन्ही पारदर्शक पिशवीत घालून, चिठ्ठी चिकटवून, मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवले.

साहेबांना हे कळल्यावर ते साहजिकच म्हणाले की पाहा, पुड्यात नव्हताच, सगळा माल उगाच गेला. मॅडमनी विचारले, "काल संध्याकाळी हे आपल्यापैकी कुणाला ठाऊक होतं?" या दोघांत बरोबर कोण, यावर कॅन्टीनमध्ये पुढे बरेच दिवस मते पडत होती आणि मेंटेनन्सचीसुद्धा सगळी माणसे एका बाजूला नव्हती. मी मॅडमच्या बाजूचा आहे. परंतु ब्रश केस बाजूला सारून बुडापर्यंत तपासला असता तर तो तुकडा दुपारीच हाती लागला असता आणि एवढे पुडे फोडावे लागले नसते, हेही मला नाकारता येत नाही. काकांना हे सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली आणि शोधाच्या यादीत तेव्हापासून पहिल्या ओळीवर यंत्रातून काढून बाहेर गेलेले भाग लिहायला सुरुवात केली.

पुढच्या रविवारी लाइन बंद असताना आम्ही ती जागाच बदलली. बोल्ट उलटे घालून नट बाहेरच्या बाजूला घेतले, स्प्रिंग वॉशर काढून टाकून आत नायलॉनची कडी असलेले, आपोआप ढिले न होणारे नट लावले आणि बेअरिंगखाली स्टेनलेसचा एक उथळ ट्रे जोडला, म्हणजे तेथून काही निखळलेच तर ते पट्ट्यावर न पडता ट्रेमध्ये पडेल. त्या ट्रेचे मोजमाप आणि पत्रा कापणे काकांनी माझ्याकडे सोपवले. कडा घासून गुळगुळीत करायला मला अपेक्षेपेक्षा बराच वेळ लागला, कारण पत्र्याचा बारीकसा कीसही तेथे चालण्यासारखा नव्हता. मॅडमनी त्या कडांवरून हातमोजा घातलेले बोट दोनदा फिरवले आणि मगच तो बसवायची परवानगी दिली.